'द डेथ ऑफ स्टालिन' कोणाबरोबर पाहिलात, आणि कुठे हसलात?

आर्द्रा:

नमस्कार मंडळी,

आर्मान्डो यानुचीचा 'द डेथ ऑफ स्टालिन' इथे कोणी कोणी पाहिलाय? आणि कोणाबरोबर? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त हवंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. मार्च १९५३. मॉस्कोबाहेरच्या बंगल्यात स्टालिनला झटका येतो, तो जमिनीवर पडून राहतो आणि ख्रुश्चेव, गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया, मालेन्कोव, मोलोतोव ही मंडळी खुर्चीसाठी एकमेकांचे पाय ओढायला लागतात. मूळ एक फ्रेंच चित्रकथा, पण सिनेमाचा स्वभाव पक्का ब्रिटिश. मीटिंगा, कुजबुज, शिव्या आणि कॉरिडॉरमधली पळापळ. यानुचीने त्याआधी बीबीसीसाठी सरकारी कारभाराच्या गोंधळावर मालिका केली होती, ती पाहिलेल्यांना हात लगेच ओळखू येतो.

ऑक्टोबर २०१७ मध्ये तो इंग्लंडात लागला, तेव्हा ऑफिसातली आम्ही काही जणं शुक्रवारी संध्याकाळी गेलो होतो. लीड्सचं थिएटर, हातात बिअरचे ग्लास. त्या दिवसांची हवा आठवा. जूनमध्ये थेरेसा मेबाईंनी हौसेने निवडणूक घेतली आणि हातातलं बहुमत घालवलं. मग ४ ऑक्टोबरला मँचेस्टरच्या अधिवेशनात बाई भाषणाला उभ्या राहिल्या तर खोकला थांबेना, एका विनोदी नटाने भर सभेत त्यांच्या हातात नोकरी सुटल्यावर मिळतो तो फॉर्म ठेवला, आणि पाठीमागच्या भिंतीवरच्या घोषणेची अक्षरं गळून पडायला लागली. मंत्रिमंडळातला जो तो बाईंच्या पाठीशी ठाम उभा होता, एक डोळा खुर्चीवर ठेवून. हे सगळं ताजं असताना पडद्यावर मालेन्कोव येतो. कागदोपत्री सर्वेसर्वा, प्रत्यक्षात कोणी विचारत नाही. स्टालिनचा एका लहान मुलीबरोबरचा जुना गाजलेला फोटो होता, तसाच आपलाही निघाला पाहिजे म्हणून हा बाबा तीच मुलगी शोधायला माणसं पिटाळतो. आमच्या रांगेतली माणसं तेव्हा रशियावर हसत नव्हती, हे शपथेवर सांगते.

आणि झुकोव! यानुचीने नटांना रशियन हेल काढायला लावलाच नाही. ख्रुश्चेव झालेला स्टीव्ह बुशेमी न्यूयॉर्कच्या इंग्रजीत बोलतो, स्टालिन लंडनच्या गल्लीतल्या दादासारखा, आणि जेसन आयझॅक्सचा मार्शल झुकोव चक्क यॉर्कशरी. छातीभर पदकं, अंगावरचा झगा मागे भिरकावून तो आत येतो आणि पहिलं वाक्य टाकतो ते आमच्या गावच्या बाजारात कोबी विकणाऱ्या माणसाच्या बोलीत. लीड्समध्ये काय झालं असेल बघा. माझ्या मागचे एक आजोबा मोठ्याने म्हणाले, "आला बघा आपला माणूस!" पुढचा संवाद कोणालाच ऐकू आला नाही.

हशा थांबला तो शेवटी. बेरियाला धरतात, गोठ्यासारख्या जागेत घाईघाईने आरोप वाचून दाखवतात, डोक्यात गोळी, अंगणात पेट्रोल ओतून काडी. तोवर तोच सगळ्यात नीच माणूस म्हणून आपण वाट बघत असतो कधी याचा निकाल लागतोय, आणि लागतो तेव्हा बघवत नाही. बाहेर पडताना आमच्यातला सगळ्यात बडबड्या माणूससुद्धा गाडीत बसेपर्यंत गप्प होता.

आता दुसरा प्रेक्षक. बाबा हल्लीच इथे येऊन गेले. बाबा परळचे. आजोबा मिलच्या साचेखात्यात, बाबा बँकेत कारकून, युनियनचे कार्यकर्ते आणि कम्युनिस्ट पक्षाचे सभासद. आमच्या घरी ते गुळगुळीत कागदाचं सोव्हिएत मासिक यायचं. वाचायचे बाबा, आणि मग त्याची कव्हरं आमच्या वह्यांना. नोव्हेंबर १९५५ मध्ये ख्रुश्चेव आणि बुल्गानिन मुंबईत आले होते तेव्हा आजोबांनी सहा वर्षांच्या बाबांना खांद्यावर घेऊन ती मिरवणूक दाखवली होती. 'हिंदी-रुसी भाई भाई'च्या घोषणा आणि हात हलवणारा गोल चेहऱ्याचा, टकला पाहुणा, एवढं त्यांना स्वच्छ आठवतं. त्या माणसाला आता त्यांनी कोटाखाली पायजम्याचा झब्बा घालून बंगल्यावर धावत येताना पाहिलं. रात्री दारू पिऊन घरी आल्यावर बायकोला टिपणं सांगणारा ख्रुश्चेव: साहेब कोणत्या विनोदाला हसले, कोणत्याला नाही.

बाबा हसले नाहीत. स्टालिन स्वतःच्याच लघवीत पडलेला असतो आणि त्याला उचलताना सगळे आपापले बूट-पॅण्ट सांभाळतात, तिथे माझा नवरा फुटला आणि बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा चहा करायला उठला. बाबांना काही माहीत नाही असं नाही. सोव्हिएत पक्षाच्या विसाव्या काँग्रेसमध्ये, १९५६ साली, ख्रुश्चेवनेच स्टालिनचं सगळं बाहेर काढलं आणि त्यावरून परळच्या चाळींत भाऊ-भाऊ भांडले होते, हे त्यांनीच आम्हाला सांगितलंय. त्यांचं म्हणणं वेगळं. "किती मारले ते लिहा, नावानिशी लिहा. पण स्टालिनग्राड यांनी लढवलं, ज्यावर आमच्या अण्णाभाऊंनी पोवाडा रचला, ते लोक असे सर्कशीतले विदूषक? आणि हे दाखवणार कोण, तर इंग्रज?"

मला तेव्हा एकदम आठवलं की हे मी आधी ऐकलंय. जानेवारी २०१८ मध्ये रशियाच्या सांस्कृतिक खात्याने सिनेमाचा परवाना प्रदर्शनाला दोन दिवस उरलेले असताना काढून घेतला. दिग्दर्शक निकिता मिखाल्कोव आणि खुद्द झुकोवची मुलगी यांच्या सह्यांचं पत्र गेलं होतं. मंत्री मेदिन्स्की यांचा सूर असा की आमच्याकडे सेन्सॉरशिप नाही, पण फॅसिझमला हरवणाऱ्या देशाची ही थट्टा लोकांना सहन होणार नाही. २ फेब्रुवारीला स्टालिनग्राडच्या विजयाला ७५ वर्षं होत होती, त्याच्या तोंडावर हे नको. परळचा कम्युनिस्ट आणि पुतीनचा मंत्री एकाच सुरात! बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "तो कुठला, मी कुठला," आणि जेवायला बसले.

पण एका ठिकाणी बाबा हसले, आणि असे हसले की सिनेमा थांबवावा लागला. स्टालिन गेल्यानंतरची समितीची पहिली बैठक. प्रत्येक ठराव एकमताने झाला पाहिजे. मालेन्कोव ठराव मांडतो, हात वर होतात. मोलोतोव बोलायला लागतो. वाक्य असं वळणं घेत जातं की तो बाजूने आहे की विरुद्ध, कोणालाच कळेना. मग सगळ्यांचे हात अर्धे वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. बाबा डोळे पुसत म्हणाले, "आमच्या जनरल कौन्सिलला एक गृहस्थ होते. ते ठराव ऐकायचेच नाहीत. अध्यक्षांच्या चष्म्याकडे बघायचे. चष्मा कपाळावर गेला की यांचा हात वर." मग उठून त्यांनी तो गृहस्थ करून दाखवला. नवरा चहा घेऊन परत आला तर सासरे खोलीच्या मधोमध अर्धा हात वर करून उभे.

माझा अंदाज असा की या सिनेमात लोक स्टालिनला हसतच नाहीत. मीटिंगला हसतात. ज्याने आयुष्यात एक तरी कमिटी भोगलीय त्याला तो प्रसंग भिडतो, मग तो लीड्सचा असो की लालबागचा. बाकी कुठे हसायचं आणि कुठे थांबायचं हे घराघरावर अवलंबून.

तर सांगा, तुमच्याकडे काय झालं?


ठाणे_पूर्व:

मी अर्ध्या तासात बंद केला. ब्रिटिश विनोदी म्हणून लावला, बायको-मुलगा जेवणाची ताटं घेऊन बसले. सुरुवातीलाच रात्री दारं ठोठावून माणसं उचलून नेतायत, एकीकडे मागे संगीत. मुलाने विचारलं, "बाबा, हे कॉमेडी आहे ना?" नावं लक्षात राहत नाहीत ती वेगळीच भानगड. सगळे टकले, सगळे कोटातले. कोण बुल्गानिन, कोण कागानोविच, आम्हाला काय माहीत. आम्ही दुसरं काहीतरी लावलं आणि पोळ्या गरम असताना संपवल्या.


जुना_नकाशा:

आर्द्राताई, धागा छान. मी निवृत्त इतिहास शिक्षक, त्यामुळे सिनेमा पाहताना हातात पेन होतं. घरच्यांनी शेवटी माझी खुर्ची मागे नेऊन ठेवली.

चुका आधी सांगून टाकतो. मार्च १९५३ मध्ये मोलोतोव परराष्ट्रमंत्री नव्हता, ते पद स्टालिनने १९४९ मध्येच काढून घेतलं होतं, मिळालं ते स्टालिन गेल्यावर. झुकोव तर तेव्हा उरल भागात बाजूला टाकलेला होता, मॉस्कोत छाती काढून फिरत नव्हता. बेरियाला अटक २६ जूनला आणि गोळी २३ डिसेंबरला. सिनेमात हे सगळं अंत्ययात्रेच्या आसपास उरकलंय. अंत्यदर्शनाला माणसं मेली ती मुख्यतः चेंगराचेंगरीत, ट्रुबनाया चौकाच्या उतारावर. सिनेमात सैनिक गोळ्या घालतात.

पण गंमत इथे सुरू होते. थिएटरात ज्या गोष्टींना लोक "काहीही दाखवतात" म्हणून हसतात, त्याच नेमक्या खऱ्या. पहारेकरी आत जायला घाबरतात हे खरं. १ मार्चला दिवसभर खोलीतून काही हालचाल नाही, तरी बोलावल्याशिवाय जायची कोणाची छाती होईना. रात्री उशिरा एकजण आत गेला. त्यानंतर साहेब लोक आले आणि डॉक्टर पोचायला दुसरा दिवस उजाडला. चांगले डॉक्टर तुरुंगात हेही खरं. १३ जानेवारीला 'प्रावदा'ने डॉक्टरांच्या कटाची बातमी छापली होती, त्यात बहुतेक ज्यू डॉक्टर, आणि स्टालिनला वर्षानुवर्षं तपासणारे विनोग्रादोवही आत. म्हणजे ज्याला रुग्णाची प्रकृती ठाऊक तो कोठडीत, आणि रुग्णाजवळ हात थरथरणारे नवखे.

त्याहून अविश्वसनीय म्हणजे वासिलीची भानगड. स्टालिनचा हा मुलगा हवाई दलात, आणि हवाई दलाचा आइस हॉकी संघ त्याच्या ताब्यात. जानेवारी १९५० मध्ये स्वेर्दलोव्स्कजवळ विमान पडून तो संघ गेला. बापाला कळू नये म्हणून पोराने दुसरे खेळाडू भरले. सिनेमात हे बघून माझ्या शेजारची कॉलेजची मुलं म्हणाली की लेखकाने फारच ताणलंय. मी मध्यंतरात त्यांना गाठून सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही.

सुरुवातीच्या पियानोच्या कार्यक्रमाचं मात्र जपून. मारिया युदिना खरी, धर्मनिष्ठ आणि न घाबरणारी म्हणून प्रसिद्ध. रातोरात तबकडी करायला लावल्याची गोष्ट संगीतकार शोस्ताकोविचच्या नावावरच्या आठवणींतून आलेली, आणि त्या आठवणींवरच अभ्यासकांचं एकमत नाही. शिवाय ती गोष्ट १९५३ च्या रात्रीची नव्हे.

मला स्वतःला हसू आलं नाही ते मोलोतोवच्या प्रसंगाला. बायकोला पक्षाने गद्दार ठरवून नेलंय, आणि हा ख्रुश्चेवसमोर तिला शिव्या घालतोय, तेवढ्यात बेरिया तिलाच घेऊन दारात. पोलिना खरोखरच सुटली ती स्टालिनच्या मृत्यूनंतर, आणि सुटल्यावरही आयुष्यभर स्टालिनभक्तच राहिली. ते सिनेमात नाही. असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता.


पिंपळपार:

घाशीराम आठवला. १९७२ साली पुण्यात हेच म्हणत होते, इतिहासाची विटंबना. १९८० मध्ये नाटक युरोपात निघालं तेव्हाही केवढा गदारोळ.


आर्द्रा:

@पिंपळपार, आठवणारच, पण हात जोडते, घाशीराम नको. आता दोनशे प्रतिसाद नाना फडणवीसांवर येतील आणि बेरिया राहील बाजूला.

@जुना_नकाशा, सर, मध्यंतरात गाठून सांगितलंत हे वाचून खूप हसले. पोलिनाचं बाबांना कळवते. ते म्हणतील, निष्ठा म्हणतात ती ही.


लालचौकाजवळ:

मी त्या वेळी मॉस्कोत होतो, औषध कंपनीत. थोडं तिथलं सांगतो.

सिनेमा २५ जानेवारीला लागणार होता. आमच्या ऑफिसात त्याची फारशी चर्चासुद्धा नव्हती. त्याच महिन्यात त्याच खात्याने पॅडिंग्टन अस्वलाचा दुसरा सिनेमाही पुढे ढकलला होता, देशी सिनेमांना धंदा मिळावा म्हणून. पालकांनी आणि थिएटरवाल्यांनी बोंब मारल्यावर अस्वल सुटलं. तर ऑफिसात विनोद असा की ब्रिटिश अस्वल आत येऊ शकतं, ब्रिटिश स्टालिन नाही. बंदी आल्यावर एकदम सगळ्यांना तो बघायचा होता. कुतुझोव्स्की रस्त्यावरच्या 'पिओनेर' थिएटरने बंदी असूनही खेळ लावले आणि दुसऱ्याच दिवशी तिथे पोलीस पोचले. आम्ही कसा पाहिला ते इथे लिहीत नाही. एका सहकाऱ्याच्या घरी, मोठ्या टीव्हीवर, लोणच्याच्या काकड्या आणि जे काही बरोबर असतं ते घेऊन.

सहाजण होतो. आता तुम्ही म्हणाल की तरुण हसले आणि म्हातारे रागावले. उलट झालं. आमच्यातला सगळ्यात लहान, विक्री विभागातला मुलगा, सोव्हिएत संघ मोडल्यानंतर जन्मलेला. तो पहिल्या दहा मिनिटांत तापला. पदकं चुकीची, गणवेश चुकीचा, झुकोव म्हणजे बर्लिन जिंकणारा माणूस आणि त्याला हे काय करून ठेवलंय. स्टालिनबद्दल त्याला काही घेणंदेणं नव्हतं. राग होता तो ९ मेच्या, म्हणजे विजयदिनाच्या, परेडला हात लागल्याचा. त्याच्या मते आपल्या घरातलं भांडण शेजाऱ्याने गच्चीवर नाटक करून दाखवावं तसा हा प्रकार.

आणि सगळ्यात जास्त हसल्या त्या अकाउंट्समधल्या बाई, साठीच्या पुढच्या. त्यांचे आजोबा त्या काळात गेलेले, म्हणजे नेलेले. मला वाटलं होतं की धरपकडीच्या दृश्यांना त्या उठून जातील. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. विशेषतः त्या पियानोच्या कार्यक्रमाला, जिथे स्टालिनला तबकडी हवी असते, केलेली नसते, आणि रेडिओचा अधिकारी दारं बंद करून वादकांना सांगतो की घाबरू नका, कोणी मरणार नाही, फक्त परत वाजवायचंय. निम्मे श्रोते निघून गेलेले, म्हणून आवाज घुमू नये यासाठी रस्त्यावरची माणसं आणून खुर्च्यांत बसवतात. वाद्यवृंदाचा एक निर्देशक बेशुद्ध पडतो, तर दुसऱ्याला रात्री घरून उचलतात. त्याला वाटतं आपली वेळ आली. तो बायकोचा निरोप घेतो, आणि इकडे आणून हातात छडी देतात.

तिथे बाईंनी थांबवून आम्हाला त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली. १९३७ साली त्यांच्या आजोबांनी दाराशी बॅग भरून ठेवलेली असे. गरम मोजे, साबण, दातांची पूड, दोन जाड सदरे. एका रात्री तीनला दार वाजलं. आजोबांनी कोट चढवला, बॅग घेतली, आजीला जवळ घेतलं, दार उघडलं. बाहेर खालच्या मजल्यावरचा शेजारी, चिडलेला. तुमच्या न्हाणीघरातून माझ्या छतावर पाणी गळतंय! आजी म्हणे मरेपर्यंत ही गोष्ट हसत हसत सांगायची. आजोबांनी बॅग हातातच धरून नळ बंद केला. पुढच्या वर्षी दार वाजलं तेव्हा शेजारी नव्हता.

विक्रीवाला मुलगा यावर काही बोलला नाही. नंतर सिनेमा पुढे चालू झाला, त्याने मोबाईल काढला नाही एवढंच मी सांगेन. झुकोवला मात्र त्याने शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आर्द्रा, तुमचा मीटिंगचा मुद्दा पटतो, तिथे आमच्याकडेही सहाच्या सहा जण हसले. आमच्या कंपनीची दर सोमवारची मीटिंग तशीच व्हायची. पण बाई हसल्या त्या मीटिंगला नव्हे.


फुटाणे:

एक गोष्ट राहिली. मोलोतोव झालेला मायकेल पेलिन. १९७९ मध्ये त्याच्याच मॉन्टी पायथन टोळीने येशूच्या शेजारच्या गोठ्यात जन्मलेल्या ब्रायनचा सिनेमा काढला, तेव्हा खुद्द ब्रिटनमधल्या कितीतरी नगरपालिकांनी तो आपल्या हद्दीत लावू दिला नाही. वेल्समधल्या स्वान्सीत ती बंदी १९९७ पर्यंत होती. नॉर्वेने वर्षभर अडवला, तर शेजारच्या स्वीडनमध्ये जाहिरात केली की हा इतका विनोदी आहे की नॉर्वेने बंदी घातलीय. त्यामुळे मेदिन्स्कीला हसताना लीड्सकरांनी जरा स्वान्सीकडेही बघावं.

आणि तुम्हाला कोणाला अमेरिकेतलं पोस्टर आठवतंय का? मालेन्कोवची भूमिका करणाऱ्या जेफ्री टॅम्बरवर गैरवर्तनाचे आरोप झाल्यावर तिथल्या पोस्टरवरून त्याला गाळून टाकलं. सिनेमाच्या शेवटी जुन्या फोटोंतून माणसं खोडत खोडत नावं येतात, आणि इकडे पोस्टरवरून मालेन्कोवच गायब! आरोप गंभीर होते, त्याबद्दल बोलत नाहीये. पण यानुचीलाही एवढं सुचलं नसतं.


आर्द्रा:

@लालचौकाजवळ, बाईंची गोष्ट बाबांना फोनवर वाचून दाखवली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "नळ खरंच बंद केला?" हो म्हटलं. "शिस्तीचा माणूस," म्हणाले. आता हे कौतुक आजोबांचं की आणखी कशाचं, मला कळलेलं नाही आणि मी विचारणारही नाही. तुमचा मुद्दा मान्य, सगळं मीटिंगवर भागत नाही. एक विचारायचं राहिलं: शेवटी बेरियाला मारतात तेव्हा बाईंचं काय झालं? लीड्समध्ये तिथे सगळे गप्प झाले होते.

@फुटाणे, स्वान्सीचं उद्या ऑफिसात काढते. आमच्यात एक वेल्श आहे, तो पुरेल.


लालचौकाजवळ:

बाई तेव्हा काकड्या कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एवढ्या लवकर?" मला आधी वाटलं सिनेमा लवकर संपला असं म्हणतायत. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आईला बेरिया पकडला गेल्याची बातमी कळली तेव्हा उन्हाळा होता आणि त्याला गोळी घातल्याची कळली तेव्हा बर्फ. मधले महिने घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं, कारण तो सुटून आला तर? सिनेमात तो धाकधुकीचा काळच नाही, ही त्यांची एकुलती एक तक्रार. जुना_नकाशा सरांनी तारखा दिल्याच आहेत.


जुना_नकाशा:

तारखांचं महत्त्व कोणाला तरी कळलं. बाईंना माझा नमस्कार कळवा.


ठाणे_पूर्व:

एवढं वाचून परत लावावासा वाटतोय. घरी पोरगं दहावीचं आहे, चालेल का? आणि ते कोण कोण टकले ते लक्षात कसं ठेवायचं?


आर्द्रा:

चालेल, पण शिव्या भरपूर आहेत आणि बेरियाच्या कोठडीतले प्रसंग अंगावर येतात, तेव्हा आधी एकदा तुम्ही दोघं बघून घ्या. नावांचं टेन्शन घेऊ नका. चष्मेवाला ठेंगणा बेरिया, सगळ्यांच्या मागून येऊन कानात बोलणारा. केस सारखे नीट करणारा मालेन्कोव. सतत घामाघूम आणि सतत हिशेब करणारा ख्रुश्चेव. सभ्य म्हातारा मोलोतोव. एवढे चौघं पुरे, कागानोविच-मिकोयान मीटिंगला कोरम म्हणून आहेत असं समजा. तुम्ही अर्ध्या तासात बंद केलात म्हणजे झुकोव यायचाच होता. तो बऱ्याच उशिरा येतो. तोवर पोळ्या संपवून घ्या.